मॅनेजरची गोळी

आक्कांनी मला खोली दिली ती माझे दात बघून. हे कुणाला सांगितलं की वाटतं, मी तिखटमीठ लावून सांगतेय. पण देवाशपथ खरं आहे. चाकणच्या एका कंपनीत परचेसला लागले होते, नांदेडहून एक बॅग घेऊन आले होते, आणि मोशीतल्या त्या तीनमजली घराच्या ओट्यावर हातात आधारची झेरॉक्स, कंपनीचं पत्र आणि दोन फोटो धरून उभी होते. सगळी आळी जिला आक्का म्हणायची त्या घरमालकिणीनं त्या कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कागुद काय बगायचाय? कागदावर समदीच गुणाची असत्यात. आ कर."

"काय?"

"तोंड उघड की."

मी उघडलं. का उघडलं ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजापुढे ते उघडलंच गेलं. मग त्यांनी माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, नखं दाबून सोडली, मनगटावरची चामडी चिमटीत धरली आणि मागे वळून म्हणाल्या, "रगत कमी हाय, पर खोड न्हाई दिसत. ऱ्हाऊ दे हिला."

मागे कोण आहे म्हणून मी वाकून पाहिलं, तर जिन्याच्या पायरीवर एक पांढरं, भुरभुरीत पामेरियन कुत्रं बसलं होतं. बाकी कुणीच नव्हतं. भाडेकरूचे दात बघतात याचा धक्का ओसरायच्या आत, माझ्याबद्दलचा निकाल कुत्र्याला कळवला जातो याचा दुसरा बसला. त्या घरात मी पाच वर्षं राहिले आणि एकूण मुक्काम असाच धक्के खात झाला.

कुत्र्याचं नाव होतं मॅनेजर. माझ्या आधी त्या खोलीत एका कंपनीचे मॅनेजर राहायचे. त्यांची बदली चेन्नईला झाली तेव्हा "दोन महिन्यांत येऊन नेतो" म्हणून ते कुत्रं आक्कांकडे ठेवून गेले, ते गेलेच. कुत्र्याला त्यांनी काहीतरी गोडसं इंग्रजी नाव ठेवलं होतं; आक्कांनी ते एकदाही उच्चारलं नाही. मॅनेजरचं कुत्रं, म्हणून मॅनेजर. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावरून त्या ओरडायच्या, "मॅनेजर, मुतून झालं का? मंग वर ये की, का लोकांची तोंडं बगत बसलायस?" आणि समोरच्या नव्या सोसायटीच्या बाल्कन्यांमध्ये चहा पीत उभी असलेली खरीखुरी मॅनेजर मंडळी एकदम आत जायची.

आक्का मूळच्या म्हशीवाल्या. जिथे आता आमची इमारत, पलीकडची सोसायटी आणि मोबाईलचं दुकान आहे तिथे त्यांचा गोठा होता. त्यांचे मालक बाजारात बोली करायचे, टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. पण म्हैस घ्यायची की नाही हा शेवटचा शब्द आक्कांचा. त्या पुढे व्हायच्या, दात बघायच्या, कास चाचपायच्या, पाठीवरून उलटा हात फिरवायच्या आणि मग बोलायच्या. मालक गेले, म्हशी गेल्या, जमिनीवर इमारती आल्या, पण हाताची ती सवय काही गेली नाही. कुरिअरवाल्याला जीभ दाखवायला लावायच्या. गॅसवाल्याला म्हणायच्या, "तुजं डोळं पिवळं दिसत्यात, दारू सोड." माझी आई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिला पाटावर बसवून त्यांनी आधी तिच्या घोट्याला अंगठा रुतवून बघितला आणि माझ्यासमोर, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडासमोर खणखणीत आवाजात विचारलं, "पोट साफ होतंया का?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आक्कांचा मुलगा वाकडला राहायचा; आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. चांगला माणूस. आईनं आपल्याकडे यावं हा त्यांचा हट्ट, आणि इथून हलायचं नाही हा आक्कांचा. शेवटी मायलेकांत एक बोली झाली होती आणि ती साऱ्या आळीला ठाऊक होती: आक्का धडधाकट आहेत तोवर मोशीत, ज्या दिवशी आजारी पडतील त्या दिवशी वाकड. वाकडला मॅनेजर जाऊ शकत नव्हता, कुत्र्याच्या केसांनी सूनबाईंचा दमा उसळायचा. बोली म्हणजे बोली. ती मोडायची नाही हे आक्कांनी आयुष्यभर पाळलेलं. मग उपाय एकच उरला, आजारी पडायचं नाही. आक्कांना खोकला झाला तर "घशात माशी गेली", चालताना धाप लागली तर "चप्पल जड हाय". भर मे महिन्यात त्या स्वेटर घालून बसायच्या आणि कुणी विचारलं तर सांगायच्या, "आतलं लुगडं फाटलंय, म्हून घातलाय."

दर रविवारी सकाळी गच्चीवर मॅनेजरची धुलाई असायची. पामेरियन म्हणजे नाजूक प्रकरण, त्याला शांपू, ड्रायर, मऊ ब्रश हवा, असं मला वाटायचं. आक्कांकडे होता खरारा, म्हशींना लावायचा तो, दात घासून घासून बोथट झालेला. धुण्याच्या दगडावर मॅनेजरला उभा करायचा, कोमट पाणी ओतायचं, अंगाला साबण, मग खरारा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्षरशः किंचाळले. मॅनेजर मात्र डोळे मिटून, मान वर करून उभा होता. पण खरी गोष्ट धुणं नव्हतीच, ती होती तपासणी. कान उलटा करून त्यात नाक घालून वास घ्यायचा. हिरड्या बघायच्या. पंज्यांच्या मधली कातडी, पोट, काखा, शेपटीचं बूड. शेवटी त्याला जुन्या धोतराच्या झोळीत घालून धान्य मोजायच्या ताणकाट्याला लटकवायचं आणि आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायचा. झोळीतून फक्त दोन कान आणि एक अपमानित चेहरा दिसायचा. धरायला मीच असायचे. एमबीए केलेली मुलगी रविवारच्या रविवारी कुत्र्याच्या काखा चाचपतेय हे ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून मी फार जपायचे.

एका उन्हाळ्यात आक्कांनी त्याला भोसरीच्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं आणि केस बारीक करून आणले. पावसाळा गेला, दिवाळी आली, केस काही येईनात. मॅनेजर मात्र गोल व्हायला लागला. जेवण तेच, उलट कमीच, आणि ताणकाट्यावरचा आकडा प्रत्येक रविवारी वाढलेला. दिवसभर उन्हाच्या पट्ट्यात झोपायचा, ऊन सरकलं की नाइलाजानं उठून सरकायचा. आळीतले लोक कौतुकानं म्हणायचे, "आक्का, काय बाळसं धरलंय! खात्यापित्या घरचं दिसतंय."

"बाळसं न्हाई त्ये," आक्का म्हणायच्या. "म्हस गाभण नसंल आन् वैरण कमी खाऊन फुगत आसंल, तर काय तरी आत बिगाडलंय." त्यांनी माझा हात धरून मॅनेजरच्या कुशीवर ठेवला. कातडी जाडसर, काळपट, गार. शेपटीचे केस गेले होते आणि एक दांडी उरली होती.

भोसरीच्या त्या तरुण डॉक्टरीणबाई, आक्कांच्या भाषेत "ढोरांची डॉक्टरीण", सगळं ऐकून म्हणाल्या, "आजी, वेळेवर आणलंत. लोक नुसती जाडी समजून सोडून देतात. रक्त तपासूया." रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "याला थायरॉईड आहे."

मला हसावं की काय करावं कळेना. थायरॉईड माझ्या आईला होता. आमच्या अकाउंट्समधल्या दोघींना होता. हा पायाशी मावणारा पांढरा गोळा, यालाही? आणि औषध काय, तर तेच, माणसांचंच, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. मी चिठ्ठी घेऊन गेले. दुकानदारानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"मॅनेजर."

"वय?"

"सात."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं बाटली घेऊन बाहेर आले.

आक्कांनी ती गोळी घड्याळ लावल्यासारखी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, खाण्याच्या आधी, गुळाच्या खड्यात दाबून. डॉक्टरीणबाईंनी गूळ नको म्हटल्यावर तुपाच्या बोटावर. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग पुन्हा. पण रिपोर्टच्या आधी आक्कांच्या हाताला कळायचं. खरारा फिरवता फिरवता एका रविवारी त्या थांबल्या, केस उलटे करून मला दाखवले. काळपट कातडीवर मऊ, कापसासारखी लव आली होती. "आलं की गं!" म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम घोगरा झाला. तसा तो अलीकडे नेहमीच घोगरा असायचा. होळीपर्यंत मॅनेजर पुन्हा भुरभुरीत झाला, जिन्यावरून धावायला लागला आणि पुन्हा समोरच्या मॅनेजर मंडळींवर भुंकू लागला.

आणि त्याच सुमारास आक्काही बदलल्या. स्वेटर गेला. वाळायला लागल्या, पण अशा चपळ झाल्या की बघत राहावं. मी कंपनीच्या बसला निघायचे तेव्हा त्यांची गच्ची झाडून, भांडी घासून, शिवाय कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी भांडून झालेलं असायचं. आळी म्हणाली, आक्का तरुण झाल्या. मीही म्हणाले. त्या पदरानं घाम पुसत हसायच्या. पंख्याखाली बसून घाम पुसायच्या. एका रविवारी खरारा त्यांच्या हातात थरथरताना दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याची मूठ ढिली झालीया."

त्याच्या पुढच्याच रविवारी मॅनेजर दगडावर साबणानं माखून उभा होता, मी तांब्या घेऊन वाकले होते, आणि आक्का खाली बसल्या. बसल्या नाहीत, कोसळल्याच. साबणाचा हात छातीवर, ओठ पांढरे. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी धावत होती, मधेच अडखळत होती, पुन्हा धावत होती. मॅनेजर तसाच, फेसानं भरलेला, त्यांच्या तोंडाशी नाक लावून कुईकुई करत राहिला.

दवाखान्यात नेईपर्यंत त्या मला एकच सांगत होत्या. "दादाला सांगू नगं. तुला माजी आन हाय." मी दादांना फोन केला. असली आन मी पाळणार नव्हते.

तिथल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, कागदाच्या पट्टीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "यांना कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाहीत," मी म्हणाले. "त्या कधी डॉक्टरकडे जातच नाहीत."

आक्कांनी डोळे उघडले. मला जवळ बोलावलं. "मॅनेजरची गोळी," म्हणाल्या.

"त्याला मी संध्याकाळी देईन, आक्का, तुम्ही काळजी करू नका."

"त्याची न्हाई गं. माजी. म्या घेते ना त्याची गोळी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरही माझ्याकडे आणि आक्कांकडे आळीपाळीनं बघायला लागले. आक्का मात्र शांतपणे, म्हैस विकायला उभ्या राहिल्यासारख्या, सांगत होत्या. मॅनेजरच्या शेपटीचे केस गेले, तशा आपल्या भुवया कडेनं गेल्या. तो उन्हात सरकायचा, आपल्याला स्वेटर लागायचा. तो खाल्ल्याविना फुगला, आपणही. त्याचं भुंकणं बसलं, आपला आवाज बसला. त्याला गुण आला, मग आपल्याला का येऊ नये? त्याचीच चिठ्ठी दाखवून त्यांनी दुसऱ्या मेडिकलमधून स्वतःसाठी बाटली आणली होती.

"किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यो एक खातो. म्या दोन. सकाळी दोन, सांजच्याला दोन."

"दोन कशाला?"

"आवं, त्यो केवढासा! म्हशीला औषिद बाटलीभर लागतंया, वासराला चमचाभर. त्या एवढ्याशा जिवाला एक सोसती, तर मला दोन म्हंजी काईच न्हाई. कमीच पडत आसंल."

गोळी किती ताकदीची आहे हे डॉक्टरांनी विचारलं म्हणून मी बाहेर जाऊन भोसरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. कुत्र्याचं शरीर हे औषध भराभर संपवून टाकतं. म्हणून त्या चिमुकल्या मॅनेजरला दिवसाला जेवढं लागतं, तेवढं धडधाकट मोठ्या माणसालाही बहुधा लागत नाही. माणसाच्या अंगात ते कितीतरी दिवस साठून राहतं. आणि म्हातारपणी तर चिमूटभरापासून सुरुवात करायची असते. "जिवंत आहेत ना हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि तो प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं.

जन्मभर ज्या हिशेबानं त्यांनी गोठा वाचवला, त्याच हिशेबानं त्या स्वतःला संपवायला निघाल्या होत्या. आणि हे सगळं का, तर डॉक्टरकडे गेलं की आजार ठरतो, आजार ठरला की वाकड.

दादा आले. आईच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले, आणि मग चिडले. "कुत्र्याची गोळी, आई? कुत्र्याची?"

"मानसाचीच हाय ती. मेडिकलात मिळती."

"आता बास. बोली झालेली आहे आपली."

"बोली आजारी पडल्यावरची व्हती," आक्का म्हणाल्या. "म्या आजारी न्हाई पडले. औषिद जास्ती झालं." नाकात ऑक्सिजनची नळी, आणि वाद घालताहेत! पलीकडच्या खाटेवरचा माणूससुद्धा उठून बसला.

त्यातून त्या वाचल्या. गोळ्या बंद झाल्या, हृदयाची गाडी हळूहळू रुळावर आली. काही आठवडे जाऊ दिल्यावर डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं, आणि पुन्हा आम्ही सगळे तोंडात मारल्यासारखे. त्यांना खरोखरच थायरॉईड होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोग अगदी बरोबर ओळखलात. फक्त पेशंट बदलला हे विसरलात." त्यांनी दिलेली गोळी मॅनेजरच्या गोळीच्या पाव ताकदीची होती. आक्कांना तो अपमान फार झोंबला. "कुत्र्यापरास कमी?" त्या घरी येईपर्यंत रिक्षात पुटपुटत होत्या.

पण आता रोग कागदावर आला होता. दादा ओट्यावर उभे राहिले, बॅग भरायला सांगितली. आक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर मॅनेजर. त्यांना बोली मोडायची नव्हती. मान खाली घालून त्याच्या अंगावरून उलटा हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यालाबी त्योच रोग हाय. ह्यो काय आजारी हाय? गोळी खातो, पळतो."

"त्याला दर रविवारी बघायला तू आहेस, आई," दादा म्हणाले. रागानं नाही. "तुला कोण बघणार?"

त्यावर आक्कांनी मॅनेजरला आणखी जवळ ओढलं. मला ते बघवलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही बगंल. हिला दात बगून घेतलीया."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दर रविवारी. आणि काही कमीजास्त दिसलं तर मला खरं सांगायचं. त्या दिवशी मी नेणार." आक्कांनी हात पुढे केला, दादांनी धरला. नवी बोली झाली.

पुढच्या रविवारी मॅनेजरचं सगळं झालं. खरारा, कान, हिरड्या, ताणकाटा. तो अंग झटकून उन्हात जाऊन बसला. मग आक्का स्वतः त्या ओल्या दगडावर बसल्या, पदर सावरला आणि काही न बोलता तोंड उघडलं.

मी दात बघितले. डोळ्याखालची कातडी ओढली. नखं दाबली, मनगटावरची चामडी चिमटीत धरून सोडली, घोट्याला अंगठा रुतवला. भुवयांच्या कडांवरून बोट फिरवलं, तिथे बारीक केस टोचत होते. गळ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी अंग चोरलं, आणि मला धक्का बसला तो याचा की त्यांना सवयच नव्हती. साऱ्या आळीला, साऱ्या गोठ्याला हात लावून बघणारी ही बाई. तिला असा हात कुणी लावला त्याला किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक. मग मी नाडी धरली. डोळे मिटून, मोजत, पुरेसा वेळ. डोळे उघडले तेव्हा आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दादांशी, डॉक्टरांशी भांडलेली ती बाई श्वास धरून बसली होती.

"मंग?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. "ऱ्हाऊ दे का?"

मी मागे वळले. मॅनेजर उन्हाच्या पट्ट्यात कान टवकारून बसला होता.

"ऱ्हाऊ दे हिला," मी त्याला म्हणाले.